सरपंचबाईंचा फोटो

ताज्या फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास नाकात शिरला की मला तिसगावातलं ते पत्र्याचं, भट्टीसारखं तापलेलं दुकान आठवतं. पुण्यात ग्राफिक डिझाईन शिकून आले होते. पहिली नोकरी, पहिलाच आठवडा. एका गावच्या नव्या सरपंचबाईंच्या अभिनंदनाचा फ्लेक्स करायचा होता, आणि सूचना देत होता त्यांचा नवरा. "माजा फोटो मोट्टा घ्या. हिचा बारका टाका खाली कोपऱ्यात." बाई मागे स्टुलावर बसल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, "निवडून कोण आलंय?" दुकानदार डोळे वटारायला लागला. मी बाईंचा फोटो ओढून स्क्रीनभर मोठा केला आणि माऊस सोडून हाताची घडी घातली. "पोरी, नोकरी करायचीय का न्हाई?" दुकानदार ओरडला. "करायचीय. पण हा फोटो बारीक करणार नाही." तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या तसाच. आन् ह्यांचा टाका कोपऱ्यात." फ्लेक्स तसाच छापला गेला आणि महिनाअखेरीस माझी नोकरी गेली. गेली तर गेली. आता माझं स्वतःचं फ्लेक्सचं दुकान आहे; असा एखादा नवरा बायकोचा फोटो घेऊन एकटाच आला, तर मी कॉम्प्युटर चालूच करत नाही. म्हणते, "आधी सरपंचांना घेऊन या."