समोरच्याची खुर्ची

भांडायला आलेल्या माणसाला त्याच्याच शत्रूची वकिली करायला लावणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो आमचा घरमालक आहे. दुर्दैवाने अशासाठी, की गेल्या सात वर्षांत मला त्याच्याशी एकदाही धड भांडता आलेलं नाही. पुण्याहून नोकरीसाठी आले आणि बनशंकरीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हापासून मी त्यांना अण्णा म्हणते. अख्खी गल्लीच म्हणते. अण्णा मूळचे निपाणीचे. इथल्या कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले. नोकरी संपली तरी कोर्ट काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा त्यांच्या ओसरीवर कायद्याचे प्रश्न घेऊन माणसं येतात. अण्णा प्रत्येकाला आधी बजावतात, "मी वकील न्हवे. मी सांगतो तो सल्ला न्हवे. आता बसा."

बसायला ओसरीवर दोन खुर्च्या आहेत. एक वेताची, ती तुमची. दुसरी लाल प्लॅस्टिकची, एका पायाने किंचित डुगडुगणारी. ती समोरच्याची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तुमची तक्रार आहे त्याची. अण्णांचा नियम असा, की आलेल्या माणसाने आधी लाल खुर्चीत बसायचं आणि समोरचा माणूस होऊन, 'मी' म्हणून बोलायचं. ते अण्णांना पटलं तरच वेताच्या खुर्चीत बसून आपलं गाऱ्हाणं मांडायला परवानगी. चहा कामकाज संपल्यावर. आधी चहा दिला की साक्षीदार ढिला पडतो, असं अण्णांचं मत. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आतून आलं घातलेल्या चहाचा वास सोडत असतात आणि बाहेर माणूस शत्रूच्या वतीने घाम गाळत असतो.

चिकपेटेतले एक साड्यांचे व्यापारी शेजारच्या दुकानदाराला कोर्टात ओढायच्या इराद्याने आले होते. शेजाऱ्याने आपला साडी नेसवलेला पुतळा सामाईक पायरीवर यांच्या बाजूला हातभर सरकवून ठेवला होता. गृहस्थ लाल खुर्चीत बसले, सुरुवातीला अडखळले, आणि मग असे रंगले की विचारू नका. "माझं दुकान आतल्या अंगाला. पुतळा बाहेर नसला तर काळं कुत्रंही आत फिरकत नाही. ह्याचं काय, रस्त्यावरचं दुकान, वडिलांनी आयतं दिलेलं!" असं स्वतःलाच सुनावून ते थांबले आणि भांबावून म्हणाले, "अण्णा, माझी केस कमजोर आहे काय हो?" अण्णा म्हणाले, "भक्कम आहे. म्हणून तर तुम्हाला वाईट वाटायलंय." तो पुतळा अजून तिथेच आहे. फक्त आता त्याला यांच्या दुकानातली साडी एक आठवडा आणि त्यांच्या दुकानातली एक आठवडा नेसवतात.

एकदा एक रिक्षावाला ट्रॅफिक पोलिसाबद्दल तक्रार घेऊन आला. लाल खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा आवाजच बदलला. उन्हात सकाळपासून उभं राहिलेल्या माणसासारखा तो गुरकावला, हात नाचवून अदृश्य रिक्षा बाजूला घ्यायला लावली, आणि शेवटी खाली मान घालून म्हणाला, "तप्पु नंदे, सर." चूक माझीच. अण्णांनी "सरी", म्हणजे ठीक, म्हणून काकूंना चहाची खूण केली. माझीही गत वेगळी झाली नाही. मागच्या गॅलरीतला नळ दोन महिने गळत होता, म्हणून मी भाडेकरूच्या हक्कांची जालावरून छापून काढलेली तीन पानं घेऊन खाली उतरले. लाल खुर्चीत बसून घरमालक झाले. पाच मिनिटांत मला प्लंबर न मिळण्याचं, गुडघेदुखीचं आणि वरच्या मजल्यावरच्या पोरीने दोन महिन्यांत एकदाही तोंडाने न सांगितल्याचं इतकं दुःख झालं, की मीच प्लंबर शोधून आणला.

कागद दिसला की तो वाचल्याशिवाय अण्णांना राहवत नाही. लॉन्ड्रीच्या पावतीमागच्या अटी वाचून ते लॉन्ड्रीवाल्याला दोन दुरुस्त्या सुचवतात. लग्नाच्या पत्रिकेतलं 'कृपया आहेर आणू नये' वाचून एका वधूपित्याला त्यांनी फोन करून विचारलं होतं, की ही अट आहे की विनंती. कुरियरवाला सही मागतो तेव्हा आधी खोकं उघडून बघतात, कारण पावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. कुरियरवाला तोवर पायरीवर बसून फोन बघतो, त्याला सवय झाली आहे. पण सांगतात ते सोळा आणे खरं असतं. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागतो का, असं एका आजोबांनी विचारलं, तर म्हणाले, "साध्या कागदावर चालतंय. साक्षीदार मात्र दोन पाहिजेत, आणि ते तुमच्यापेक्षा तरुण बघा. नाहीतर तुमच्या आधी तेच जायचे."

फक्त एका प्रश्नाला अण्णा हात लावत नसत. माहेरच्या मालमत्तेवरचा हिस्सा बहिणीने भावाच्या नावे सोडायचा, त्या हक्कसोडपत्राचा विषय निघाला, की मग विचारणारा भाऊ असो की बहीण, अण्णा उठायचे, झारी घ्यायचे आणि कढीपत्त्याला पाणी घालायला लागायचे. "त्याला वकील बघा," एवढंच. मला वाटायचं, कायदाच किचकट असेल. काकू मात्र अशा वेळी दारातून आत निघून जायच्या.

बाबा जाऊन दोन महिने झाले असतील. पुण्याहून दादाचं पाकीट आलं. आत हक्कसोडपत्राचा मसुदा. बाबांच्या फ्लॅटवरचा माझा हिस्सा मी 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता' दादाच्या नावे सोडत असल्याचं त्यात लिहिलं होतं. जिथे सही करायची तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. सोबत दादाचा मेसेज, 'रजिस्ट्रारची महिनाअखेरच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. रविवारी ये, मंगळवारी परत जाता येईल.' कशी आहेस, एवढंही नाही. मी तो कागद चार दिवस स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला होता. सही केली तर भाऊ जाईल असं वाटत होतं, आणि नाही केली तरी जाईल असंच वाटत होतं. रविवारी सगळे गेल्यावर मी तो घेऊन खाली उतरले.

अण्णांनी पहिली ओळ वाचली आणि झारी उचलली. पण मला त्या दिवशी दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. मी न सांगता लाल खुर्चीत बसले आणि दादा झाले.

"मी दादा. बाबांचं आजारपण मी काढलं. पाच वर्षं. रात्री-अपरात्री दवाखाना मी केला. ही रोज फोनवर विचारायची, बाबा जेवले का? जेवायला कोण घालत होतं? मी थकलोय. मला एक गोष्ट तरी संपवून टाकू दे." बोलता बोलता मला रडू फुटलं, कारण यातलं दादा मला एक अक्षर कधी बोलला नव्हता आणि मला ते सगळं माहीत होतं. मग मी वेताच्या खुर्चीत गेले. सांगायला फार नव्हतं. "मला फ्लॅट नको आहे हो, अण्णा. त्याने मला विचारायला हवं होतं."

कढीपत्त्याची कुंडी भरून पाणी फरशीवर आलं होतं. अण्णांनी झारी खाली ठेवली आणि ते लाल खुर्चीत येऊन बसले. सात वर्षांत त्यांना त्या खुर्चीत मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी अक्का," ते म्हणाले. अण्णांची थोरली बहीण संकेश्वरला दिलेली आहे, एवढंच मला ठाऊक होतं. "वडलांचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्यानं कागद पुढं केला. त्यानंच लिहिलेला. कोर्टातला माणूस, चूक एक न्हवती. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली. मी म्हटलं, चूल पेटवलीया, चहा तरी घेऊ की रे आधी. तर म्हणाला, ऑफिस बंद होतंय, आधी चल. मी गेले. सही केली. निपाणीचं घर विकून त्यानं बंगळुरात हे बांधलं. मागितलं असतं तर दिलं नसतं काय मी? ह्याला ल्हान असताना कडेवर घेऊन शाळेत सोडलाय मी." काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. अक्का चौदा वर्षांत या घराची पायरी चढलेल्या नाहीत, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं.

मग अण्णा लाल खुर्चीतून उठले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. "ताई, मृत्युपत्र नसलं तर बापाच्या घरात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. सही तुमच्याकडनं कोणी जबरदस्तीनं घेऊ शकत नाही. आणि एकदा रजिस्टर झालं की मागं फिरणं अवघड. एवढा कायदा झाला. आता स्वल्प थांबा आणि भावाला फोन लावा. कागदाचं बोलू नका. आत्ता ह्या खुर्चीत बसून जे बोललासा ते बोला."

मी तसंच बोलले, म्हणजे आधी त्याचं आणि मग माझं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कागद राहू दे. तू ये आधी." मी गेले, आठ दिवस राहिले, आणि आम्ही दोघांनी मिळून बाबांचं कपाट आवरलं. फ्लॅट अजून दोघांच्या नावावर आहे. ज्या दिवशी सोडावासा वाटेल त्या दिवशी सोडीन, आणि 'स्वखुशीने' हा शब्द तेव्हा खरा असेल.

मी परत आले तर ओसरी बंद. अण्णा आणि काकू संकेश्वरला गेले होते. मला सगळं नंतर काकूंकडून कळलं. संकेश्वरला अण्णा दारात उभे राहिले. शिरस्तेदारीच्या काळातली कातडी पिशवी त्यांनी सवयीने काखेत मारली होती. अक्कांनी तिच्याकडे बघून विचारलं, "आता कसला कागद आणलास रे?" अण्णांनी पिशवी उलटी करून दाखवली, तर तिच्यातून एक चष्म्याचं घर पडलं. अक्का आत गेल्या. अण्णांना वाटलं, संपलं. तर त्या चहा घेऊन आल्या, कपबशी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सावकाश घे. ऑफिस बंद होत नाही आज." अण्णा ती बशी हातात धरून चहा गार होईपर्यंत नुसते बसून राहिले. अक्कांनी तो आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.

अण्णांचा रविवार पुन्हा सुरू झाला आहे. माणसं येतात, लाल खुर्चीत बसून घाम गाळतात. पण नियम एका जागी बदलला आहे. ओसरीवर पाऊल टाकलं की अण्णा आधी आत हाक मारून चहा सांगतात, आणि कप रिकामा होईपर्यंत कोणाचा कागद हातात घेत नाहीत.