तिवारीजींची पाच कलमं

तिवारीजींनी मला आजवर एकही शिवी दिलेली नाही, आणि तेच माझं दुखणं आहे.

तेव्हा आम्ही भोपाळला, इंद्रपुरीला लागून असलेल्या कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. मी नोकरीपायी सांगलीहून गेलेला ड्राफ्ट्समन आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये रीवाचे तिवारीजी. दोन बागांमध्ये मेंदीचं कुंपण. पावसाळा संपला की तिवारीजी रिटायर होऊन नेहरू नगरातल्या स्वतःच्या नव्या घरात जाणार होते, आणि त्या घरासाठी त्यांनी कुंड्यांतून रोपं वाढवली होती. त्यातली पाच कलमं त्यांच्या वडिलांनी लावलेल्या आंब्याची. गावचं ते झाड रस्ता रुंद करताना गेलं, पण त्याआधी तिवारीजींनी त्याच्या काड्या आणून स्वतःच्या हातानं कलमं बांधली होती.

"आपटेजी, पिताजी अब बस इतने ही बचे हैं," कुंड्यांना पाणी घालताना ते म्हणायचे.

मे महिन्यात तिवारीजी भाभींना घेऊन भाचीच्या लग्नाला रीवाला गेले आणि दुसऱ्याच संध्याकाळी आँधी आली. गारांसकट! क्वार्टरमागचा निलगिरी दोन्ही बागांवर आडवा झाला. माझी पपई गेली, सुधाचा मोगरा गेला, आणि आमचा दुधीचा मांडव वसाहतीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या स्कूटरवर जाऊन बसला (दुधीसकट!). तिवारीजींच्या कुंड्या अंगणभर लोळत होत्या. पण कलमं शाबूत होती!

"अहो, आपलं राहू दे. आधी त्यांचं बघा," सुधा म्हणाली. बायको असावी तर अशी.

वसाहतीच्या माणसांनी निलगिरी करवतीनं कापून नेला, आणि त्याच दिवशी ऑफिसात तिवारीजींचा फोन आला.

"आपटेजी, सुना बड़ी आँधी आई?"

"बहुत बड़ी! लेकिन आप चिंता मत करिए. मैं हूँ ना!" (हे 'मैं हूँ ना' आठवलं की अजून माझे कान गरम होतात.)

"बस इतना कर दीजिए, जो पौधे अच्छे बचे हों, उनको छाँटकर बरामदे में रख दीजिए. बाकी जाने दीजिए." आणि लाइन कटली.

घरी येऊन मी सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, शोधायला लागलो.

"काय म्हणाले तिवारीजी?" सुधानं विचारलं.

"चांगली रोपं छाटून व्हरांड्यात ठेवायची."

"चांगली कशाला छाटायची? मोडकी छाटतात ना?"

"त्यांचे शब्द आहेत, 'छाँटकर'! आता हिंदी तू मला शिकवणार?"

हिंदी पखवाड्याच्या स्पर्धेत अहिंदीभाषी गटात मला बक्षीस होतं. (उत्तेजनार्थ. गटात आम्ही तिघंच होतो.) तेव्हा विषय तिथेच संपला.

सूचनेत 'अच्छे' म्हटलं होतं, म्हणून मी निवडून निवडून चांगलीच रोपं छाटली! जरा कुठे टवटवीत पान दिसलं की चालव सिकेटर. पिवळी, मोडकी, किडकी रोपं होती त्यांना बोटही लावलं नाही, कारण 'बाकी जाने दीजिए'. आंब्याची कलमं सगळ्यात तजेलदार होती, म्हणून त्यांचा नंबर पहिला लागला. वीतभर खुंट ठेवले. मग कुंड्यांना गेरू फासला आणि व्हरांड्यात उंचीप्रमाणे रांग लावली.

"अहो, हे काय बोडकं करून ठेवलंत!" सुधा ओरडली.

"छाटणीनंतर झाड जोमानं फुटतं," मी म्हणालो. हे मला कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

चार दिवसांनी तिवारीजी आले. मी शाबासकीसाठी फाटकातच उभा होतो.

"हाय राम! ये किसने किया?" भाभी किंचाळल्या.

"मैंने!" मी छाती काढून म्हणालो. "आपने कहा था ना, छाँटकर."

तिवारीजी कुंड्यांजवळ गेले. "छाँटकर मतलब चुनकर, आपटेजी," ते हळूच म्हणाले.

चुनकर. निवडून! तिवारीजी उकिडवे बसले आणि एका खुंटावरून त्यांनी बोट फिरवलं. "जोड़ इससे ऊपर था," ते म्हणाले. मी जोडाच्या खाली कापलं होतं. आता फुटेल ते खालचं रानटी रोप, वडिलांचा आंबा नव्हे. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी उपकार मानले असते. ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "गेरू बढ़िया लगाया है आपने."

मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. महिनाभर मी पलीकडच्या गल्लीतून ऑफिसला जायचो.

दसऱ्यानंतर नेहरू नगरात गृहप्रवेश झाला. मी पोटदुखीचं सोंग केलं, पण सुधानं ओढत नेलं. भिंतीलगत ते पाचही खुंट जमिनीत लावलेले, त्यांना नवी पालवीही फुटलेली. मी खांबाआड उभा राहिलो, पण तिवारीजींनी शोधून काढलंच. एक पाहुणे त्यांना विचारत होते, "बड़े प्यारे पौधे हैं! कौन-सा आम है?"

तिवारीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इनसे मिलिए, आपटेजी, हमारे पड़ोसी. इतनी बड़ी आँधी में भी पौधे बच गए थे. फिर ये आए."

पाहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "वाह! ऐसे पड़ोसी किस्मत से मिलते हैं!"

तिवारीजी माझ्याकडे बघत होते. सुधा बघत होती. खरं सांगायची याहून चांगली संधी येणार नव्हती.

"इसमें क्या," मी म्हणालो, "मेरा फर्ज था!"