चरकातून निघालेली मेंढरं

आमच्या छापशाळेतलं यंत्र ज्यानं बनवलं, त्यानं आयुष्यभर उसाचे चरक बनवले होते. मी त्याला रीतसर नकाशा काढून दिला. दोन जाड लोखंडी रूळ, त्यांच्यामधून सरकणारा पाट, बाजूला फिरवायचं मोठं चाक. त्यानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "चरकच की!"

"चरक नव्हे. ह्यातून चित्रं छापून निघणार."

"निघू द्या की. आमी कुठं न्हाई म्हणतोय?"

महिन्याभरानं यंत्र आलं. खाली रस गोळा करायची पन्हळ, अंगाला लालभडक रंग आणि चाकाला घुंगरं! पन्हळ मी कापून घेतली. घुंगरं मात्र ठेवली, कारण खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली. चाक फिरवलं की छमछम व्हायचं आणि एप्रिलमधल्या पलूसच्या रस्त्यावरून जाणारा माणूस थेट आत येऊन बसायचा. "एक फुल्ल, बरफ कमी." मी अत्यंत गंभीर चेहरा करून सांगायचो, "आज ऊस आला नाही."

बाकीचे यायचे ते फ्लेक्स विचारायला. गावात छपाई म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाचा, निवडीचा, नाहीतर श्रद्धांजलीचा. हातानं कोरून, हातानं शाई भरून, दिवसभरात चार कागद छापणारी माणसं म्हणजे एक तर वेडी किंवा सरकारी. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, त्यामुळे गावाला मला दोन्ही मानायची सोय होती.

जागा एका निवृत्त सुभेदारांची, जुनं खताचं गोडाऊन. येणारी पोरं निम्मी उसाच्या घरातली. निम्मी आटपाडी-जतकडची, मेंढपाळांची, शिक्षणासाठी नातेवाइकांकडे राहिलेली. त्यांतलीच एक मुलगी मावशीकडे राहून कॉलेज करत होती. ती कमी बोलायची आणि सुई फार चांगली चालवायची. तिनं अख्खा हिवाळा एका पत्र्यावर सुईनं कोरून चित्र केलं. रस्त्यानं निघालेली मेंढरं, मागनं पाहिलेली. लादलेलं घोडं, त्यावर बांधलेली कोंबडी, कुत्रं, शेवटाला आई. पत्र्यात शाई भरायची, वर ओला कागद घालायचा आणि सगळं रुळाखालून काढायचं, की चित्र कागदावर. एवढंच.

ते चित्र सांगलीतल्या एका प्रदर्शनात लागणार होतं. सोमवारी उद्घाटन. आणि त्याच आठवड्यात तिच्या वडिलांची मेंढरं सांगलीबाहेर एका रानात बसली होती. बुधवारी ती तिथून हलणार, ती थेट पावसाळ्यालाच घरी. पोरगी काय करते हे त्या माणसानं कधी पाहिलं नव्हतं. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "कागदावर मेंढरं? मग त्यास्नी चरायला काय घालतीस?"

तिला त्याला चित्र दाखवायचं होतं. बाकी प्रदर्शनाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही छापायला जमलो. कागद आदल्या दिवसापासून पाण्यात मुरत होता. रुळाखाली आम्ही जाड लोकरी नमदा घालतो. त्याच्या दाबानंच कागद रेषेच्या खोबणीत शिरतो. नमदा उचलायला गेलो तर तो उठेना. उठला तेव्हा चर्रर्र आवाज झाला आणि खालून मुंग्यांची पलटण बाहेर पडली. रुळाला उसाचा चोथा!

इतक्यात सुभेदार प्रसन्न मुद्रेनं आत आले.

"आवं मास्तर, काल उंब्रजवरनं दोस्त आले हुते, आमच्या पलटणीतले. म्हटलं, आपल्या गोडाऊनात काय काय चालतंय ते दाखवावं. तर ते म्हणाले, आधी रस पाज. मग काय, घातली दोन कांडी."

"आणि?"

"थेंब न्हाई! सगळा त्या जाजमानं पिला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून काळजीनं म्हणाले, "मशीन डिफेक्टिव हाय, मास्तर. बदलून घ्या."

मी त्या क्षणी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. जागा त्यांचीच असल्यानं निम्मं मनातच बोललो. नमदा धुतला तर वाळायला आठवडा, नवा मागवायचा तर पुण्याहून. मुलगी चोथा वेचत उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं, मला निदान समजूत घालायचं काम मिळालं असतं.

सुभेदारांनी प्रायश्चित्त म्हणून घरातून फौजेतलं कांबळं आणलं. "बर्फात वापरलंय, मास्तर. ह्याच्यापुढं तुमचा रूळ काय!" घातलं. घुंगरं वाजली. कागद उचलला तर सगळं फिक्कं.

"ही मेंढरं आहेत का महाबळेश्वरचं धुकं?" मी ओरडलो.

"अजून एकदा काढूया की, जरा आवळून," सुभेदार म्हणाले.

आता ह्यांना कोण सांगणार, की सुईनं कोरलेल्या रेषेची धार दर खेपेला दबते. हलक्या पत्र्यातून मोजकीच चित्रं निघतात. आमची दोन तर चाचणीतच गेली होती. मी हे सगळं सांगत बसलो तोवर मुलगी मावशीच्या घरी जाऊन आपलं घोंगडं घेऊन आली.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "ह्याची वीण कागदावर उमटेल. आणि कुसळं केवढी आहेत त्यात!"

"मग दुसरं काय हाय तुमच्याकडं, सर?"

काहीच नव्हतं. आम्ही तिघं जमिनीवर बसून घोंगड्यातली कुसळं वेचायला लागलो. सुभेदार चष्मा लावून, जीभ बाहेर काढून, एकेक कुसळ पकडल्यावर "हा गेला!" म्हणत होते. मग छापलं. रेषा काळ्याभोर, जिवंत आल्या. पण आभाळभर विणीचे उभे-आडवे वळ उठले होते, आणि एक कुसळ सुभेदारांच्या हातून निसटलं होतं, त्यानं कुत्र्याच्या कानाजवळ कागदाला आरपार भोक पाडलं होतं.

"हे भिंतीवर जाणार नाही," मी म्हणालो. "अर्धवट काम आपण दाखवत नाही."

"आबा बुधवारी जाणार, सर."

"पुढच्या वर्षी दाखव. नीट छापून."

"पुढल्या वर्षी ते माझं दुसरंच कायतरी बघतील. हे कवा बघणार?"

सुभेदार माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू ऊस मीच घातला होता. मी हरलो.

सांगलीत संयोजकांनी चित्र चहाच्या थर्मासमागच्या कोपऱ्यात लावलं. "प्रयोग म्हणून ठीक आहे," म्हणाले, आणि भोकावर बोट फिरवलं. मी दात आवळून चहा प्यायलो. सोमवारी तिचे वडील आले नाहीत. त्यांच्या जोडीच्या मेंढपाळाला ताप, आणि मेंढरं टाकून येता येत नाही. मंगळवारी दुपारी पलूसला मला फोन आला. संयोजक किंचाळत होते, "तुमची विद्यार्थिनी चित्र भिंतीवरून काढून घेऊन गेली! प्रदर्शन चालू असताना!"

ती कुठं असणार हे ओळखून, मावशीकडून रानाचा पत्ता घेऊन मी मोटरसायकल काढली. वाटेत हेल्मेटच्या आत मी तीन अंकी भाषण बसवलं. पहिल्या अंकात शिस्त, दुसऱ्यात कलेची प्रतिष्ठा, तिसऱ्यात माझा अपमान. तिसरा फारच रंगला होता.

रानात पोचलो तेव्हा ती बांधावर बसली होती. तिचे वडील धोतराला हात पुसत होते. पुसून झाले तरी पुन्हा पुसले. मग त्यांनी कागद घेतला आणि लांब धरला. मेंढरं भोवती हुंगत फिरत होती.

"हे आपलं काळं कुत्रं न्हवं?"

"व्हय."

"घोड्याची दोरी ढिली सोडलीय गं तुझ्या आयनं. मी रोज सांगतोय." मग कागद जवळ घेऊन, "मी कुठं हाय ह्यात?"

"तुमी म्होरं गेलायसा, आबा."

ते हसले. "व्हय. मी म्होरंच असतोय." कागद पुन्हा लांब धरला. "मागनं अशी दिसत्यात व्हय आपली माणसं. मला कवा दिसणार?"

भाषणाचा पहिला अंक माझ्या ओठांवर होता. तेवढ्यात ते म्हणाले, "हे मला ऱ्हाऊ दे?"

"तुमचंच हाय की," ती म्हणाली.

आणि त्यांनी त्या चित्राची घडी केली. मधोमध. मग परत मधोमध. अंगठ्याच्या नखानं घडी चांगली दाबून घेतली. बोटाचा डाग पडू नये म्हणून मी पोरांना कागद दुमडलेल्या चिठोऱ्याच्या चिमट्यानं धरायला शिकवतो! माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा.

"काय झालं, गुर्जी?" बंडीच्या आतल्या खिशात चित्र सारत त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या खिशाकडे बघत होती. त्या पत्र्यातून आता धड दुसरं चित्र निघत नाही, आणि त्या दोन घड्या आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं.

परतताना प्रदर्शनाशी थांबलो, तर संयोजक दारातच उभे होते. "कुठाय चित्र?"

"फिरत्या प्रदर्शनाला गेलं."

"कुठल्या गावी?"

"ते मेंढरं ठरवतील," मी म्हणालो, आणि त्यांच्या थर्मासमधला चहा ओतून घेतला.