मामांच्या लाँचवरचा संडास

एखादी वस्तू निवडायला माझ्या बायकोचे मामा जितका वेळ घेत, तितका ब्रह्मदेवाने घेतला असता तर पृथ्वीवर अजून नुसते मासेच पोहत असते. मामा एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढल्यामुळे असेल, पण आधी कागदावर उतरल्याशिवाय जगात काही खरं असतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांच्या अंधेरीच्या घरात प्रेशर कुकर यायला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात त्यांनी नातेवाइकांच्या घरी ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाऊन निरनिराळ्या कुकरांच्या शिट्ट्या ऐकल्या आणि वहीत टिपून ठेवल्या. छत्री घ्यायला गेले की ती उघडून, मिटून, पुन्हा उघडून, खाली दुकानदारालाच उभं करून चारी बाजूंनी बघत आणि "विचार करून येतो" म्हणून परतत. पावसाळा संपे, मामांचा विचार संपत नसे. लग्न तेवढं त्यांनी पहिलीच मुलगी बघून, चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं. हा विषय निघाला की मामी म्हणत, "कुकराक अकरा म्हयने, आणि माका एक कप चाय!" म्हणत तक्रारीच्या सुरात, पण तो सूर चांगलाच गोड असे.

अशा माणसाला निवृत्तीनंतर एक लाँच मिळाली. एका पारशी शेठच्या बंगल्याचे नकाशे मामांनी कधीतरी हौसेने काढून दिले होते. शेठ कायमचे परदेशात आपल्या मुलीकडे निघाले तेव्हा वेसाव्याच्या खाडीत पडून असलेली आपली जुनी लाँच मामांच्या गळ्यात घालून गेले. लाकडी होती, छोटीशी केबिन होती, इंजिन खोकत खोकत का होईना चालत होतं. केबिनच्या कोपऱ्यात कपाटाएवढी एक खोली होती आणि तिच्यात एक विलायती संडास होता. बाजूच्या पंपाचा दांडा वर ओढला की समुद्राचं पाणी आत यावं आणि खाली दाबला की सगळं समुद्रात जावं, अशी त्याची रचना. आता मात्र पंपाचं चामडं कुजलं होतं आणि भांड्याला तडा गेला होता. मामांनी इंजिनाकडे एकदा पाहिलं, तळाच्या फळ्यांवर एकदा टकटक केलं आणि त्या मोडक्या संडासापुढे अर्धा तास उभे राहिले. घरी येऊन त्यांनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पर्यायी व्यवस्था'.

मामांचं डोकं फिरलं असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही त्यात पुढे होतो, हे आता कबूल करतो. खरं कारण मला उशिरा समजलं. मामी वेंगुर्ल्याकडच्या. वडिलांची होडी होती, त्यामुळे अंगणापेक्षा समुद्र त्यांच्या जास्त ओळखीचा. लग्न होऊन आगबोटीने मुंबईला आल्या, त्या प्रवासात डेकवर खच्चून गर्दी आणि एकच संडास. वेंगुर्ल्याला बोटीत चढलेल्या मामी भाऊच्या धक्क्यापर्यंत जागच्या उठल्या नाहीत. त्यानंतर समुद्रावर पुन्हा कधी गेल्या नाहीत. पुढे साखरेचा आजार लागला, सारखं उठावं लागू लागलं आणि प्रवास जवळजवळ बंदच झाला. कुठे जायचं म्हटलं की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं सोडत. एकदा अशाच दोन बसगाड्या बदलून आमच्या घाटकोपरच्या घरी आल्या आणि दारातच भोवळ येऊन बसल्या. त्यानंतर घाटकोपरही सुटलं. मामांनी यावर कधी भाषण केलं नाही. मला एवढंच म्हणाले, "जावईबापू, हिला एकदा समुद्र आतून दाखवायचाय." आणि मामींनी आपली अट सांगून ठेवली होती, "लाँचीत धड संडास नसलो तर मी येवचंय नाय. तुमी जावा आणि तुमची लाँच जावंदे."

मग सुरू झाला तो शोध दोन वर्षं चालला. पहिला पर्याय बादलीचा. तो मामींनी, "बादली आपल्या न्हाणीत आसा, तेच्यासाठी लाँच कित्याक?" असं विचारून जागच्या जागी निकालात काढला. दुसरा पर्याय वरच्या मजल्यावरच्या खलाशाने आणून दिलेल्या कॅटलॉगमधला. त्यात एका निळ्या औषधाने सगळं विरघळून सुगंधी होतं असं लिहिलं होतं. ते औषध संपलं की पुढचं कुठून आणायचं, यावर मामांनी तीन पानं लिहिली आणि कॅटलॉग परत केला. तिसरा पर्याय जुना पंपच दुरुस्त करण्याचा. त्यासाठी त्यांनी तो उचकटून घरी गॅलरीत आणला. नळाच्या पाण्यावर चाचणी घ्यायला मात्र तयार होईनात, कारण खाऱ्या पाण्याचं वागणं वेगळं असतं म्हणे. म्हणून दर रविवारी दोन डबे भरून ते वेसाव्याचा समुद्र बसने अंधेरीला आणू लागले. कंडक्टरने विचारलं, "काका, डब्यात काय आहे? रॉकेल नाही ना?" मामा गंभीरपणे म्हणाले, "नाही, समुद्र आहे." कंडक्टरने निमूटपणे त्यांना पुढे सरकायला सांगितलं. तो पंप एका रविवारी खरोखरच चालला. इतका जोरात चालला की खालच्या मजल्यावर वाळत घातलेली कुरडयांची लांबलचक रांग आणि शेजारी बसलेल्या देशपांडेबाई दोन्ही एकदमच खाऱ्या झाल्या.

लग्नाच्या पंगतीतही मामांना वही सुटत नसे. मठ्ठा वाढत असताना ते शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हळूच विचारत, "माफ करा हं, पण माणशी दिवसाला साधारण किती धरावं?" गृहस्थांना वाटे जिलब्यांचं विचारताहेत. ते मोकळेपणाने आकडा सांगत आणि मामा तो आदराने टिपून घेत. पण सगळ्यांत वाईट गत माझी झाली. जावई म्हणजे विष्णूचा अवतार असं आपल्याकडे म्हणतात. मामांकडे या विष्णूचा मान असा, की गॅलरीत एका फळीवर संडासाचं जुनं भांडं ठेवलेलं, फळीखाली घरातली आणि शेजारपाजारची मिळून सहा लाटणी, आणि मामा दोन्ही हातांनी फळी पुढेमागे हलवत म्हणताहेत, "बसा जावईबापू. ही साधी लाट. आता मढच्या टोकाजवळची लाट देतो." मी पँट-शर्ट-बुटांसकट बसलो. तिसऱ्या लाटेला एक लाटणं निसटलं आणि मी भांड्यासकट थेट दिवाणखान्यात आलो. मामी पोळपाट घेऊन आतून धावत आल्या, मला पडलेला बघितलं आणि म्हणाल्या, "माझा लाटणा मोडला तर नाय मा?" मामांनी मात्र वहीत लिहिलं, 'डाव्या बाजूस हाताला धरायला दांडा आवश्यक'.

शेवटी निवड झाली ती टाकीची. भांडं चिनी मातीचं, उठता-बसता गुडघ्यांना बरं पडेल इतकं उंच, डावीकडे दांडा, आणि खाली पत्र्याची बंद टाकी. समुद्रात काही सोडायचं नाही, धक्क्याला आल्यावर रिकामी करून घ्यायची. "ज्या पाण्यातले मासे आपण खातो त्यात हे कशाला?" असं मामांचं म्हणणं. टाकी जोगेश्वरीच्या एका कारखानदाराने मामांच्या नकाशाबरहुकूम बनवली. नकाशे चौदा होते. टाकी आली, भांडं आलं, आणि बसवायच्या दिवशी हिराजीने हत्यारांची पिशवी खाली ठेवून दिली. हिराजी म्हणजे लाँच सांभाळणारा वेसाव्याचा कोळी. सुतारकामही तोच करी.

"काका, मी नाय बसवनार," तो म्हणाला. "होरी म्हंजे आमची लक्ष्मी. आम्ही पायातलं काढून चढतो तिच्यावर. पुनवेला नारळ वाढवतो तिच्यापुढं. आन् तू सांगतंस तिच्या पोटात संडास ठेव?"

"अरे, आधी होताच ना?"

"तो पारश्यानं भायेरून तसाच बांधून आनला. माझा हात नाय लागला त्याला. आन् त्याचं निदान दर्यात तरी जायचं. तू तर पोटातच ठेवतंस!"

चौदा नकाशांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मामांनी वाद घातला नाही. दुसरा सुतारही शोधला नाही, कारण हिराजी जिला लक्ष्मी मानतो त्या लाँचवर त्याला न आवडणारं काम दुसऱ्याकडून करून घेणं त्यांना बरोबर वाटेना. भांडं टेम्पोत घालून ते परत घरी घेऊन आले आणि गॅलरीत त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसून राहिले. वही उघडली नाही. मामांना वही न उघडता बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला फार वाईट वाटलं. लाटण्यांवरून पडलो होतो तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पुढचं काम मामींनी केलं. हिराजीची आई गेली कितीतरी वर्षं त्यांच्या दारावर मासळी घेऊन यायची. त्या दिवशी पापलेटं घेता घेता मामींनी तिला सगळं सांगितलं. आगबोट, साखर, न प्यायलेलं पाणी, सगळं. दोन वर्षं संडासावरून मामांची टिंगल करणाऱ्या मामी हे सांगताना रडल्या, असं बायकोने मला नंतर सांगितलं. म्हातारीने टोपली उचलली ती थेट खाडीवर. दुसऱ्या दिवशी मामा आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा ती लेकाला सगळ्या धक्क्यादेखत सुनावत होती.

"चाळीस वरसं बाजारात बसते मी! पाटंला घरून निघते ती परत येईपत्तुर घोटभर पानी पीत नाय. कधी इचारलंस, आये, का नाय पीत? बाप्यांचं काय, कुठंपन उभं ऱ्हातात! देवीचं मला सांगतंस? देवी पन बाईच हाय ना रे? तिला नाय कळनार तर कोनाला कळनार?"

हिराजी चपला काढून लाँचवर चढला, आधी पुढच्या टोकाला, नाळेपाशी, नारळ फोडला, हात जोडले, आणि पिशवीतून करवत बाहेर काढली.

थंडीतली एक स्वच्छ सकाळ बघून निघायचं ठरलं. मामा, मामी, आम्ही दोघं आणि सुकाणूवर हिराजी. मामी लाँचवर आल्या त्या समुद्राकडे न बघता थेट त्या खोलीकडे गेल्या. वधूपरीक्षेला आलेल्या सासूसारखी तपासणी झाली. भांड्यावर हात फिरवला, दांडा हलवून बघितला, पाण्याचा डबा वाकवून बघितला. मामा शेजारी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे. मामींनी दार आतून लोटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या,

"कडी खंय आसा?"

दोन वर्षं, चौदा नकाशे, सहा लाटणी, आणि दाराला आतून कडीच नव्हती. मामी हळूच म्हणाल्या, "त्या आगबोटीत पण कडी नव्हती."

मामांनी हे इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ते तडक उतरले आणि धोतराचा सोगा हातात धरून बाजाराच्या दिशेने चक्क पळत सुटले. मी मनात म्हटलं, आता कडी निवडून होईपर्यंत पुढची थंडी येणार. पंधरा मिनिटांत मामा धापा टाकत परत आले. हातात एक पितळी कडी होती. दुकानदाराने पहिली पुढे केली तीच त्यांनी उचलली होती. हिराजीने चार स्क्रू पिळले. मामींनी आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग बाहेर येऊन फळीवर बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "गो, पाणी दी माका." पेलाभर पाणी त्या एका दमात प्यायल्या. मग आणखी एक. मढच्या टोकापुढे शहाळं प्यायल्या, थर्मासमधला चहा प्यायल्या. उजवीकडे किनारा मागे सरकत होता आणि त्यांची नजर काही त्याच्यावरून हलेना. मग उठून त्यांनी हिराजीच्या हातातून सुकाणू मागून घेतलं. हिराजी जरा घाबरला होता, पण लाँच कशी सरळ चाललीय हे बघितल्यावर बाजूला बसून त्याने बिडी पेटवली. मामा समुद्राकडे पाठ करून त्या दाराकडेच बघत होते.

संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर मामांना राहवेना. "अगं, एकदाही गेली नाहीस?"

मामी हसून म्हणाल्या, "संडास आसा म्हटला की लागणा नाय."

पुढच्या दोन-तीन थंड्यांत त्या कितीदातरी समुद्रावर गेल्या. मग एका दुपारी मामा झोपेतच गेले. लाँच मामींनी हिराजीला देऊन टाकली. परवा भाच्याच्या लग्नासाठी आम्ही मामींना घेऊन गाडीने पनवेलकडे निघालो. ऊन रणरणत होतं. वाटेत मी पाणी पुढे केलं तर त्यांनी ओठ ओले केल्यासारखं केलं आणि पेला परत दिला. "नको. लांबचो रस्तो आसा." मामांची फार फार आठवण आली. मी ड्रायव्हरला पुढच्या हॉटेलपाशी थांबायला सांगितलं. मागच्या बाजूला संडासाकडे जाऊन आलो. नळाला पाणी होतं, दिवा होता, पिशवी अडकवायला खिळाही होता. हे सगळं मी एक एक करून बघत होतो, आणि मामा असते तर टिपून घेतलं असतं असं वाटत होतं. परत येऊन गाडीचं दार उघडलं आणि पेला पुन्हा पुढे केला. मामींनी माझ्याकडे बघून विचारलं,

"जावईबापू, कडी लागता?"

"लागते, मामी. दोनदा लावून बघितली."

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि पाणी पिऊन टाकलं.