सहावं चरित्र

पडदा वर जातो तेव्हा दिसतात चिठ्ठ्यांनी ठासून भरलेले बारा खण आणि टेबलाशी पाठमोरे बसलेले चरित्रकार. त्यांनी पाच थोरांची चरित्रं लिहिली. माणसाच्या एकेका दिवसाची चिठ्ठी केल्याशिवाय ते ओळही लिहीत नसत. कुणाचं पडसं कधी बरं झालं, तेही त्यांना तोंडपाठ.

बायको जाऊन वर्ष झालं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता आईचं लिहा. की ती थोर नव्हती?"

त्यांनी हौसेनं कोऱ्या चिठ्ठ्या ओढल्या. एकीवर लग्नाची तारीख लिहिली, दुसरीवर लेकीच्या जन्माची. तिसरीवर पेन अडलं. चाळीस वर्षं ती शेजारच्याच खोलीत होती.

लेक निघाली, तसे ते दारापर्यंत आले आणि खालमानेनं म्हणाले, "पोरी, तुझी आई दिवसभर काय करायची गं?"