तापीबाईंनी घासलेले बारा वाल्व

माझ्यासमोर कुणी मेकॅनिक बढाया मारायला लागला की माझं डोकं तापतं. सुरतेला शिकलो, मुंबईला शिकलो, अमक्या साहेबाचं इंजिन उघडलं! अरे बाबा, मी तापीबाईंनी घासलेले वाल्व पाहिलेत. चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलंय मी, करणसिंग ड्रायव्हर, नंदुरबारचा. मला नका शिकवू.

तापीबाई म्हणजे दोधू मिस्त्रीची बायको. दोधू कोरीट गावचा गुजर. भाऊ शेतात राबायचे आणि हा विहिरीवरचं इंजिन उघडून बसायचा. शेवटी शेत भावांच्या हवाली करून त्यानं स्टेशनजवळ पत्र्याचं दुकान टाकलं. तापीबाईंचं माहेर प्रकाशा गावचं. घरी आठ म्हशी, त्यामुळे लहानपणापासून ताक करून करून हात मुरलेला. बोलायच्या कमी, पण एकदा बोलल्या की समोरचा पाणी मागायचा नाही.

मी तेव्हा भीकमचंद सेठच्या मोटारीवर होतो. लढाईच्या आधीची काळी अमेरिकन गाडी, सहा सिलिंडर, बारा वाल्व. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात मी दोस्तांना घेऊन सारंगखेड्याच्या जत्रेला गेलो. सेठला न विचारता. टाकीतलं पेट्रोल कमी झालेलं दिसू नये म्हणून वरून घासलेट ओतलं. गाडी चालली! मग काय, सवयच लागली. कधी शहाद्याला चक्कर, कधी दोंडाईच्याला, आणि आल्यावर डबाभर घासलेट. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

चैत्रात गाडी खोकायला लागली. चढावर दम टाकायची, मागून फटाके फोडायची. सेठनं ती दोधूकडे नेली आणि दोधूनं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. वाल्व करपलेले, ते ज्यावर टेकतात त्या सीटा झिजून खोल गेलेल्या. आदल्याच वर्षी दोधूनं ते काम केलं होतं. सेठ चार माणसांसमोर कडाडला, "दोधू, तुन्हं काम कच्चं शे! आखाजीले मन्हा पोऱ्यानी बरात नवापूरले हाई मोटारमाच जाई. नही गई ते तुन्हा दुकानमा परत कोनी येवाव नही."

मी बाजूलाच उभा होतो. तोंड उघडलं नाही. करून गेला गाव आणि भलत्याचं नाव.

 दोधू हेड घेऊन सुरतेला गेला. तिथं सीटा कोरून कडक पोलादी रिंगा ठोकून घेतल्या. मला म्हणाला, "पेट्रोलमा शिसं राहस, ते सीटले सांभाळस. ज्या इंजिनले ते भेटत नही, त्याले अश्या रिंगा लागतस." माझ्याकडे न बघता म्हणाला. घासलेटात शिसं नसतं हे मला कुठं ठाऊक, मला वाटलं, सहज सांगतोय.

आता राहिलं होतं वाल्व घासायचं. रिंग नवी, वाल्व नवा, पण दोघं एकमेकांना घासून बसल्याशिवाय आतली हवा कोंडून राहत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी दोधू कुणाचा तरी ट्रक हॅन्डल मारून चालू करायला गेला. हॅन्डल उलटं फिरलं आणि उजवं मनगट मोडलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिला उरले पाच दिवस. कोरीटहून भाऊ आले, प्लास्टर पाहिलं आणि म्हणाले, "बस झायं तुन्हं इंजिन. चाल घर, वावर राखशी." दोधूच्या डोळ्यांत पाणी आलं. अठरा वर्षांचं दुकान एका हॅन्डलनं गेलं, असंच त्याला वाटलं.

तापीबाई दारात उभ्या होत्या. वाल्व घासायची दांडी त्यांनी उचलली. दांडीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती वाल्वला चिकटते आणि दांडी दोन तळव्यांत फिरवायची असते. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "हाई ते रवीच शे. मी फिरावस."

मी हसलो. हो, हसलो, लाज वाटते सांगायला. म्हणालो, "वहिनी, हे इंजिन आहे, ताकाचं मडकं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेड फळीवर ठेवून, पदर खोचून बैठक मारली.

पहिला वाल्व बिघडतो की काय असं झालं. जोर लावून फिरवत होत्या. दोधू पडल्यापडल्या ओरडला, "दाबू नको, फिरू दे!" मग हात सैल झाला. वाल्व आणि रिंगेमध्ये घासायचा मसाला लावलेला असतो, तो आधी खरखरतो. अर्ध्या घटकेनं ती खरखर मऊ झाली आणि बाई एकदम थांबल्या. "लोणी उनं," म्हणाल्या, जणू ताकावर लोणी आलं. वाल्व काढून पुसला, तर कडेनं अखंड करडी रेघ, कुठं तुटलेली नाही! दोधू उठून बसला. त्यानं अठरा वर्षं डोळ्यांनी जे पाहिलं, ते ही बाई कानानं ओळखत होती. तीन दिवस त्या बसल्या. तळव्यांना फोड आले, हळद लावून पुन्हा बसल्या. बारा वेळा "लोणी उनं" ऐकलं मी.

चौथ्या दिवशी सेठ खात्री करायला आला. खात्री अशी करतात : हेड उलटं ठेवायचं, वाल्ववरच्या खळग्यांत घासलेट भरायचं आणि खाली कोरडं फडकं. फडकं ओलं झालं तर काम वाया. तापीबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "करणभाऊ, घासलेट लई या. तुमनाजोडे ते नेहमीच राहस."

चोराच्या मनात चांदणं!  बाईंनी जुन्या वाल्वची काजळी पाहिली होती. आयुष्यभर चूल आणि स्टो पुसलेली बाई, तिला काजळी कळणार नाही? सेठला मात्र त्यात काही कळलं नाही. मी मुकाट्यानं डबा आणला.

खळगे भरले. सेठनं पान लावलं, चघळलं, थुंकला. फडकं कोरडं. मग सातव्याखाली एक ठिपका उमटला. सेठला दिसेल न दिसेल असा, पण तापीबाईंनी स्वतःच बोट ठेवून दाखवला. तो वाल्व काढला आणि सगळ्यांसमोर पुन्हा घासायला बसल्या. दुसऱ्या वेळी फडकं कोरडं ते कोरडंच राहिलं.

सेठ खूश झाला. म्हणाला, "वा दोधू! मांगला सालले असं काम करतास ते हाई येळ येती का?"

दोधूनं मान खाली घातली. तापीबाई हात पुसत राहिल्या. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही माझं नाव घेत नव्हते. मला ते सहन होईना. म्हणालो, "सेठ, मागच्या साली काम पक्कंच होतं. मी घासलेट घातलं. सारंगखेड्यापासून घालतोय." सगळं ओकून टाकलं.

सेठचा हात उठला. "आजपासून तू घर बठ!"

तेव्हा तापीबाई म्हणाल्या, "सेठ, बरात कोन लई जाई? ऱ्हाऊ द्या त्यास्ले. त्यासनासाठीच ते कडक रिंगा बसाड्या शेतस."

सेठ एवढा हसला की पान सांडलं. माझी नोकरी राहिली. आखाजीला नवरदेव, सेठचा मुलगा रूपचंद, मागे बसला, आणि वाटेतला एकही चढ ती गाडी कण्हत चढली नाही. नवापूरला सोयऱ्यांनी विचारलं, इंजिन कुणी बांधलं? मी छाती काढून सांगितलं, आमच्या तापीबाईंनी. सोयरे हसले. हसा म्हटलं, मीही हसलो होतो.

दोधूचं मनगट वाकडंच बसलं. पुढं वाल्व तापीबाईच घासायच्या. धडगावच्या जीपवाल्यांनी घाटात जायच्या आधी हेड आणून टाकायचं आणि बजावायचं, बाईंनीच घासलं पाहिजे. कोरीटच्या भावांनीसुद्धा आपलं इंजिन त्यांच्याकडेच आणलं.

नऊ वर्षांनी सेठची मोटार पुन्हा उघडली, दुसऱ्याच कामासाठी. तापीबाईंनी एक वाल्व उजेडात धरला. करडी रेघ तशीच होती, काजळीचा डाग नाही. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवसापासून एक थेंब घातला नाही. आईशप्पथ."

"शप्पथ कसाले घेतस, करणभाऊ," त्या म्हणाल्या आणि वाल्व माझ्या तळहातावर ठेवून त्याची स्वच्छ कड बोटानं दाखवली. "आठे दिसी ऱ्हायनं ना."