बनवरचे तीळ

धक्क्यावरून जहाजावर चढायची हलती शिडी असते, तिला गँगवे म्हणतात. त्या गँगवेवर मी अर्ध्यात होतो आणि फोन वाजला. एका हातात दोर, दुसऱ्यात लोकरी टोप्यांची पिशवी. तरी बघितलं. पाउलोचा मेसेज होता: ‘त्याला माहीतच नव्हतं. मी सांत्वन करत होतो आणि तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.’

खाली पाणी हिरवट, दुधी. वर जानेवारीचं उतरतं ऊन. ही शिडी कुठे जाते आहे तेच मला क्षणभर कळेना.

मी रत्नागिरीतल्या एका लहान चर्चचा पाळक. शिवाय पोर्ट चॅप्लेन. म्हणजे बंदरात जहाज लागलं की वर जायचं, खलाशांना सिमकार्ड, टोप्या द्यायच्या. कुणाला प्रार्थना हवी असेल तर करायची, नको असेल तर त्यांचा चहा पिऊन यायचं. असे चॅप्लेन जगभरच्या बंदरांत असतात. त्यांच्या गावची माणसं माझ्याकडे येतात, माझ्या गावची त्यांच्याकडे. पाउलो ब्राझीलमधल्या एका बंदरात असतो. प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही.

जहाज लांब नांगरावर असलं की मला लाँचने न्यायचे ते दत्ताराम तांडेल, मांडवीचे. बारा वर्षं त्यांनी मला नेलं-आणलं. मला पोहता येत नाही याचं त्यांना फार कौतुक. “तुमचा येशू पाण्यावर चालला, पाळकसाहेब. तुम्ही आपले गप बसून ऱ्हावा.” दिवाळी झाली आणि एका दुपारी ते झोपेतच गेले.

मुलगा प्रशांत तेव्हा मालवाहू जहाजावर, अर्ध्या जगापलीकडे. काँट्रॅक्टचे चार महिने बाकी. घरच्यांनी ठरवलं, तो साइन ऑफ होईपर्यंत, म्हणजे काम संपवून उतरेपर्यंत, काही कळवायचं नाही. आमच्याकडच्या दर्यावर्दी घरांत हे नवं नाही. भर समुद्रात माणूस खचला तर त्याला धरणार कोण? त्याचा व्हिडिओ कॉल आला की दत्तारामांच्या पत्नी, सुनंदावहिनी, घाईने कुंकू लावायच्या आणि फोन घ्यायच्या. बाबा लाँचवर गेलेत. बाबा झोपलेत. फोन ठेवला की पदराने कुंकू पुसायच्या.

एकदा त्याच मला म्हणाल्या, “पोराचा आवाज मला बरा वाटत नाय वो. तिकडे तुमचा कोण माणूस असेल तर नुसता बघून येऊ दे. जेवतो का, झोपतो का.”

प्रशांतचं जहाज पाउलोच्याच बंदरात लागणार होतं. मी पाउलोला मेल लिहिला. जहाजाचं नाव, तारीख, मुलाचं नाव. दोन ओळींचं काम. पण लिहिता लिहिता दत्ताराम आठवले आणि मी वाहवत गेलो. लाँच, त्यांची थट्टा, रिकामं झालेलं सुकाणू, सगळं लिहिलं. मुलाला सांगितलेलं नाही, एवढंच लिहायचं राहिलं.

टोप्या डेकवरच्या पहिल्या माणसाच्या हातात कोंबल्या आणि रिक्षा करून मांडवी गाठली. वहिनी ओटीवर बसल्या होत्या.

“वहिनी, त्याला कळलं. चूक माझी आहे.”

“कोणी सांगितलान त्याला?”

“परक्या माणसाने. माझ्यामुळे.”

समोर समुद्र शांत पडला होता. वहिनी म्हणाल्या, “दोन महिने मी त्यांना झोपवून ठेवलेलं, साहेब.”

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा हात सवयीने कुंकवाच्या करंड्याकडे गेला आणि मधेच थांबला. मोकळ्या कपाळानेच त्यांनी फोन घेतला.

पडद्यावर प्रशांत. मागे धक्का आणि एक ठेंगणा दाढीवाला माणूस, पाउलोच असणार. पोरगा आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला वाटतच होतं, आई. बाबा एवढे झोपतात कधी?”

दोघंही रडली. मीही रडलो.

“मला बाबांना पाणी द्यायचंय,” तो म्हणाला. “इथेच. संध्याकाळपर्यंत शोअर पास आहे.” शोअर पास म्हणजे बंदरात उतरायची परवानगी.

वहिनींनी शेजारच्या भटजींना हाक मारून आणलं. भटजी मराठीत प्रशांतला सांगणार, मदतीला उभ्या पाउलोला मी ते इंग्रजीत, अशी साखळी लागली. तोंड दक्षिणेकडे. पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं. तीळ काळे.

काळे तीळ तिथे मिळेनात. पाउलो पळत बेकरीत गेला आणि चार बन घेऊन आला. धक्क्यावर बसून त्यांवरचे तीळ नखाने खरवडून कागदावर काढू लागला. “पांढरे चालतील?” त्याने विचारलं.

मी भटजींकडे बघितलं. भटजींनी वहिनींकडे.

“चालतील,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी कधी कशाला नाक मुरडलं नाय.”

प्रशांतने वडिलांचं नाव घेऊन पाणी सोडलं. पाउलो टोपी काढून, टॉवेल धरून शेजारी उभा. तिकडे सकाळ होती, इकडे दिवस बुडत होता. फोनमधून लाटांचा आवाज येत होता आणि दारातूनही. कुठला कुठून येतो आहे ते मला सांगता आलं नसतं.

फोन ठेवण्याआधी प्रशांत म्हणाला, “आई, कुंकू लाव. मला तशीच बघायची सवय आहे.”

त्यांनी लावलं. फोन बंद झाल्यावरही पुसलं नाही.

चर्चच्या बैठकीत मिशन अहवाल द्यावा लागतो. आमचे सेक्रेटरी, गायकवाड सर, पेन उघडून बसले. “तीळ मोजून मिशन होतं का, पाळकसाहेब? निष्पत्ती काय लिहू?”

“पाउलोने टॉवेल धरला, असं लिहा.”

“आणि आपण?”

“आपण चूक केली, तेही लिहा.”

सरांनी खरंच तसं लिहिलं.

आता माझ्या प्रत्येक मेलची पहिली ओळ ठरलेली असते: घरच्यांनी याला काय सांगितलेलं नाही. बाकी मजकूर त्यानंतर. माझं रडणं मेलमध्ये कमी आणि प्रार्थनेत जास्त घालतो.

प्रशांत दोन महिन्यांनी घरी आला. पुढच्या खेपेला त्याचं जहाज पुन्हा त्याच बंदरात जाणार होतं. वहिनींनी त्याच्या बॅगेत पाउलोसाठी एक बरणी घातली, झाकणाला फडकं बांधून. काळे तीळ.

“आमच्या गावची पोरं तिकडे जातच ऱ्हाणार,” त्या म्हणाल्या. “त्याला उगाच बन नकोत खरवडायला.”